उत्तरेच्या समुद्रावरील अखेरची तारीख

इ. स. १२५०च्या सुमारास नॉर्वे देशात एक बोधपर ग्रंथ लिहिला गेला. त्याच्या नावाचा अर्थ ‘राजदर्पण’ असा आहे. पुत्राने शंका विचारावी आणि पित्याने तिचे निरसन करावे, अशी त्या ग्रंथाची संवादात्मक रचना आहे. पुत्रास व्यापारी व्हावयाचे आहे. म्हणून पिता त्यास परक्या गावी कसे वागावे, कोणत्या भाषा शिकाव्या, आपल्या जहाजास डांबर केव्हा लावावे इत्यादी व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पुढे पुत्र विचारतो की, समुद्र ओलांडून दूरच्या सफरीस वर्षातून केव्हा निघावे आणि केव्हा निघू नये? पित्याचे उत्तर मोघम नाही. ऑक्टोबरच्या आरंभानंतर कोणी दूरच्या समुद्रात पडू नये, आणि एप्रिल लागण्यापूर्वी पुन्हा निघू नये, असे तो बजावतो. ह्याचे कारण तो काव्यमय भाषेत देतो. उन्हाळ्यात दिशादिशांच्या वाऱ्यांमध्ये एक तह झालेला असतो. शरद् सरू लागला म्हणजे तो तह मोडतो, आणि मग प्रत्येक वारा आपले वैर घेऊन समुद्रावर उतरतो.

आपल्या वाचकांस ही कल्पना परकी वाटू नये. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या ओढून ठेवण्याची आणि नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून मग त्या पाण्यात लोटण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. ज्याला वादळाचे शास्त्र ठाऊक नाही, पण वादळाने नेलेली माणसे ठाऊक आहेत, त्याने समुद्राशी केलेला हा एक प्रकारचा करार होय. फरक इतकाच की, आमचा समुद्र ज्या शरदात निवळतो, त्याच शरदात उत्तरेचा समुद्र खवळू लागतो. कोजागिरीच्या चांदण्याशी जोडलेला आपला शरद् मनात ठेवून जो उत्तरेच्या शरदाची कल्पना करील, त्याची फसगत झाल्यावाचून राहणार नाही.

ऑक्टोबरनंतर तिकडे नेमके काय पालटते, हे आज शास्त्राच्या आधारे सांगता येते. उत्तरध्रुवाकडील प्रदेशावरचा सूर्य झपाट्याने खाली उतरतो व तेथील हवा थंडगार होते; उलट दक्षिणेकडील हवा अद्याप उबदार असते, आणि समुद्राच्या पाण्याने तर उन्हाळ्याची ऊब जमिनीपेक्षा पुष्कळ अधिक काळ धरून ठेवलेली असते. थंड आणि उबदार हवेचे हे दोन प्रवाह जेथे एकमेकांस भिडतात, त्या सीमेवर वादळे जन्म घेतात. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या काळात नॉर्वेतील बर्गेन येथे विल्हेल्म बर्कनेस, त्याचा पुत्र याकोब व त्यांचे सहकारी यांनी ह्या सीमेचा सिद्धांत मांडला, आणि लढणाऱ्या सैन्यांच्या आघाडीवरून तिला ‘आघाडी’ हेच नाव दिले. तपमानातील अंतर जितके अधिक तितके वादळ बलवान. म्हणून ऑक्टोबरपासून अटलांटिकवरून आइसलंड, स्कॉटलंड आणि नॉर्वे यांच्या दिशेने वादळांची जी रांग लागते, तिच्यातील एक शमते न शमते तोच दुसरे उभे राहते.

परंतु वारा हे एकच संकट नव्हे. दिवसही आखडत जातो. मुंबईस वर्षातील लहानात लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. बर्गेन येथे तो सहा तासांहूनही थोडा कमी भरतो. आणि त्याहून उत्तरेस ट्रॉम्सो येथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. ज्या काळी किनारा डोळ्यांनी ओळखावा लागे, त्या काळी अंधार म्हणजे अर्धे आंधळेपणच होते. शिवाय ओला दोर गोठून लाकडासारखा ताठ होतो, बोटे बधिर होतात, आणि बाल्टिक समुद्राच्या उत्तरेकडील आखातात तर पाणीच गोठू लागते. वारा, अंधार, थंडी आणि बर्फ ही चारही संकटे एकाच वेळी वाढत जातात, आणि एकाशी झुंजण्यास जे बळ लागते ते दुसरे हिरावून घेते.

म्हणूनच जी गोष्ट ‘राजदर्पणा’तील पित्याने उपदेश म्हणून सांगितली, तीच पुढे कायदा झाली. ल्यूबेक, हॅम्बुर्ग, डान्झिग आदी व्यापारी नगरांचा जो हान्सा संघ उत्तरेच्या समुद्रावर काही शतके सत्ता गाजवीत होता, त्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस असा नियम केला की, ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून २२ फेब्रुवारीच्या संत पीटरच्या सणापर्यंत जहाजांनी बंदरातच राहावे. हा नियम करणारे लोक भित्रे नव्हते. ते नफ्यातोट्याचा चोख हिशेब करणारे सावकार होते. नियमाचे मर्म येथेच आहे. एखाद्या व्यापाऱ्याने स्वतःपुरते ठरविले की आपण नोव्हेंबरात जहाज सोडणार नाही, तर शेजारचा व्यापारी जहाज सोडतो, मालास चढा भाव मिळवितो आणि शहाण्यास मूर्ख ठरवितो. सर्वांनाच बंदी केली म्हणजे हा मोह कोणासच उरत नाही. तारीख ही केवळ समुद्रापासून संरक्षण करीत नव्हती. ती माणसाचे त्याच्या स्वतःच्या घाईपासून आणि शेजाऱ्याच्या लोभापासूनही संरक्षण करीत होती.

कालांतराने जहाजे मोठी व मजबूत झाली, विम्याचा धंदा वाढला, आणि तारखेची सक्ती जाऊन तिच्या जागी दर आला. लंडनचे विमेवाले बाल्टिकच्या सफरीसाठी उन्हाळ्यात एक दर आकारीत आणि शरद् जसजसा पुढे सरके तसतसा तो चढवीत नेत. जुना कायदा ‘जाऊ नको’ म्हणत असे. नवा व्यवहार ‘जा, पण अधिक पैसे भर’ असे म्हणू लागला. ह्या बदलात स्वातंत्र्य होते हे खरे. पण ज्याचे पैसे जात तो आणि ज्याचा प्राण जाई तो, ही दोन वेगळी माणसे असत, हेही तितकेच खरे. आणि युद्ध उपस्थित झाले म्हणजे पैशाचा विचारही मागे पडे. ह्याचा सर्वांत दारुण दाखला १८११ सालच्या अखेरीस घडला.

नेपोलियनशी चाललेल्या झगड्यात इंग्लंडचे सारे बळ आरमारात होते, आणि आरमाराचा देह बाल्टिककाठच्या मालावर पोसला जात होता. डोलकाठ्यांची लाकडे, दोरांसाठी ताग, फटी बुजविण्यास डांबर हे सर्व तिकडूनच येई. १८०७ साली टिल्सिटच्या तहाने रशिया नेपोलियनच्या बाजूस गेला, त्याच वर्षी कोपनहेगनवरील हल्ल्यामुळे डेन्मार्क शत्रू बनला, आणि १८१० साली स्वीडननेही दबावाखाली इंग्लंडविरुद्ध नावापुरते युद्ध पुकारले. अशा समुद्रातून व्यापारी गलबते लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यात ताफ्याताफ्याने न्यावी लागत. ह्या कामावर व्हाइस अ‍ॅडमिरल सर जेम्स सॉमारेझ हा अत्यंत सावध व मुत्सद्दी सेनानी होता. दरवर्षी शरद् सरता सरता अखेरचा ताफा बाहेर काढावयाचा, असा क्रम असे. अखेरचा ताफा जितका उशिरा निघेल तितका अधिक माल इंग्लंडास पोचे. म्हणून ‘अखेरचा’ हा शब्द दरवर्षी थोडाथोडा ताणला जाण्याचा संभव होताच.

१८११ साली स्वीडनच्या दक्षिणेस हानो बेटाजवळ शंभरावर गलबते गोळा झाली होती. प्रतिकूल वाऱ्यामुळे दिवसांमागून दिवस गेले. अखेर ९ नोव्हेंबर रोजी ताफा निघाला. त्याच्या रक्षणास रिअर अ‍ॅडमिरल रॉबर्ट कार्थ्यू रेनल्ड्स याचे ‘सेंट जॉर्ज’ हे ९८ तोफांचे जहाज होते. १८०१ साली कोपनहेगनच्या स्वारीवर जाताना नेल्सनचा ध्वज ह्याच जहाजावर फडकत होता. १५ नोव्हेंबरच्या रात्री डेन्मार्कच्या लोलंड बेटाच्या दक्षिणेस ताफा नांगरून असता झंझावाताने त्यास गाठले. एक मोठे व्यापारी गलबत वाहत येऊन ‘सेंट जॉर्ज’च्या नांगराच्या दोरावर आदळले, दोर तुटला, जहाज उथळ पाण्याकडे लोटले गेले, आणि ते वाचविण्यासाठी डोलकाठ्या तोडून टाकाव्या लागल्या. सुकाणूही गेले. त्याच रात्री अनेक व्यापारी गलबतांचा नाश झाला.

येथपर्यंतची कथा दुर्दैवाची म्हणता येईल. पुढची कथा निर्णयाची आहे. तात्पुरत्या डोलकाठ्या उभारून ‘सेंट जॉर्ज’ मोठ्या कष्टाने स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉथेनबर्गनजीक विंगा येथे आले. तेथे ते जहाज हिवाळाभर ठेवावे की इंग्लंडास न्यावे, हा प्रश्न उपस्थित झाला. ठेवावे तर एक बलाढ्य जहाज व शेकडो खलाशी वसंतापर्यंत परक्या बंदरात अडकणार. न्यावे तर डिसेंबरचा उत्तर समुद्र अर्ध्या शिडांनिशी आणि तात्पुरत्या सुकाणूनिशी ओलांडावयाचा. ज्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात ते जहाज होते त्यांनी ते समर्थ असल्याचा विश्वास प्रकट केला. पराक्रमी माणसास आपले जहाज असमर्थ आहे असे म्हणणे किती जड जात असेल, ह्याची कल्पना करणे कठीण नाही. ‘डिफेन्स’ आणि ‘क्रेसी’ ही दोन जहाजे सोबतीस देण्यात आली, आणि १७ डिसेंबर रोजी अनुकूल वारा पाहून आरमार निघाले.

हा अनुकूल वारा, माझ्या मते, साऱ्या प्रकरणातील सर्वांत घातक गोष्ट होय. प्रतिकूल वाऱ्याने त्यास आणखी एक आठवडा रोखले असते तर कदाचित पुनर्विचार झाला असता. डिसेंबरातील एखादा निवळ दिवस हा त्या समुद्राचा स्वभाव नसून अपवाद असतो. पण घाईत असलेल्या माणसास तो अपवादच नियम वाटू लागतो. दोन-चार दिवसांत वारा पश्चिमेकडे व मग वायव्येकडे वळला आणि त्याचे तुफान झाले. डेन्मार्कच्या जटलंड प्रांताचा पश्चिम किनारा हा लांबच लांब वाळूचा पट्टा असून मोठ्या जहाजास आसरा घेण्याजोगे बंदर तेथे नव्हते, आणि किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली वाळूचे बांध पसरलेले आहेत. पश्चिमेचा वारा जहाजास ह्याच किनाऱ्यावर लोटतो. धडधाकट जहाज वाऱ्याशी तिरके चालून त्यातून निसटू शकते. लंगडे जहाज निसटू शकत नाही.

‘क्रेसी’ने वेळीच तोंड फिरविले आणि ती वाचली. ‘डिफेन्स’चा कप्तान डेव्हिड अ‍ॅटकिन्स यासही तसे करता आले असते. त्याच्याविषयी असे सांगतात की, अ‍ॅडमिरलने आपणास सोडून जाण्याची खूण केली आहे काय, एवढेच त्याने विचारले. नाही असे उत्तर मिळताच तो ‘सेंट जॉर्ज’ला सोडून गेला नाही. २४ डिसेंबरच्या पहाटे थोर्समिंडेनजीक प्रथम ‘डिफेन्स’ आणि पाठोपाठ ‘सेंट जॉर्ज’ वाळूच्या बांधावर चढले. किनारा डोळ्यांसमोर होता. तेथे लोकही जमले होते. पण लाटांपुढे कोणाचा इलाज चालला नाही. कित्येक खलाशी बुडून नव्हे तर जहाजावरच थंडीने गोठून मेले. दोन्ही जहाजांवरील मिळून तेराशेहून अधिक माणसे गेली. वाचले ते केवळ मूठभर. त्याच वादळात ‘हीरो’ नावाचे तिसरे जहाज हॉलंडच्या टेक्सेल बेटाजवळ फुटले व त्यातून सुमारे बारा जण वाचले. एकंदर प्राणहानी दोन हजारांच्या घरात गेली. १८०५ साली ट्रफॅल्गारच्या जगप्रसिद्ध लढाईत इंग्रजांकडील मृतांचा आकडा साडेचारशेच्या आसपास होता, हे ध्यानी घेतले म्हणजे एका उशिराच्या परतीने किती मोठी किंमत वसूल केली हे कळेल.

जटलंडच्या लोकांनी शत्रूकडील ह्या मृतांस वाळूच्या टेकड्यांत मूठमाती दिली. त्या टेकड्यांस आजही ‘मृतांचे डोंगर’ अशाच अर्थाचे नाव आहे. थोर्समिंडे येथे आता ह्या जहाजाच्या नावाचे संग्रहालय असून समुद्रतळातून वर काढलेले त्याचे सुकाणू तेथे उभे केलेले आहे.

ह्या प्रसंगात अज्ञानाचा दोष कोणास देता येईल? डिसेंबरचा उत्तर समुद्र कसा असतो हे सॉमारेझ आणि रेनल्ड्स यांच्याहून अधिक जाणणारे लोक त्या काळी जगात थोडेच असतील. त्यांस उणीव ज्ञानाची नव्हती. प्रत्येक पायरीवर पुढे जाण्याचे कारण बलवान होते आणि थांबण्याचे कारण केवळ संभाव्य होते. वाऱ्यासाठी थोडे थांबलो, आता अधिक थांबता येत नाही. येथवर आलो, आता घर जवळ आहे. वारा आज चांगला आहे, उद्याचे उद्या पाहू. अशा एकेक साध्या, समंजस भासणाऱ्या वाक्याने ते त्या वाळूच्या बांधावर जाऊन पोचले.

पुढे अर्ध्या शतकाने वादळाची वार्ता आधी देण्याचा शास्त्रीय यत्न सुरू झाला, आणि त्यासही शरदातील एक अपघातच कारण झाला. ‘रॉयल चार्टर’ हे वाफेवर व शिडांवर चालणारे लोखंडी जहाज ऑस्ट्रेलियातील मेलबोर्नहून सोने व प्रवासी घेऊन लिव्हरपूलकडे येत असता १८५९ सालच्या २५ ऑक्टोबरच्या रात्री वेल्सच्या अँगलसी बेटाजवळ वादळात सापडले. पहाटे ते खडकांवर फुटले आणि चारशेहून अधिक माणसे बुडाली. पृथ्वीची अर्धी प्रदक्षिणा करून आलेले जहाज घरापासून काही तासांच्या अंतरावर बुडावे, हे ऐकून सारे इंग्लंड हळहळले. सरकारच्या हवामानखात्याचा प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय हा होता. डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजातून जगप्रवासास गेला त्याचा हाच कप्तान. त्याने ह्या वादळाच्या नोंदी जुळवून दाखविले की, ते एका ठिकाणाहून दुसरीकडे सरकत आले होते. अर्थात वादळापुढे धावणारे तारायंत्र हाती असता किनाऱ्यास आधी सावध करता आले असते. फेब्रुवारी १८६१पासून त्याने बंदरांस वादळाच्या सूचना देण्यास आरंभ केला. खांबावर शंकूच्या आकाराची खूण चढवीत. टोक वर असल्यास उत्तरेकडील वादळ, खाली असल्यास दक्षिणेकडील. त्याच वर्षी ऑगस्टात वृत्तपत्रांतून हवेचा अंदाजही प्रसिद्ध होऊ लागला.

फिट्झरॉयचे अंदाज चुकत तेव्हा लोक हसत, आणि पंडित त्यास शास्त्र म्हणावयास तयार नव्हते. १८६५ साली त्याने आत्महत्या केली. पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्याच्या सूचना बंदही करण्यात आल्या. परंतु दर्यावर्दी लोकांस त्यांची किंमत कळली होती, आणि थोड्याच अवधीत त्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. २००२ साली ब्रिटनच्या सागरी अंदाजातील एका विभागास फिट्झरॉयचे नाव देऊन ह्या उपेक्षेची थोडीशी भरपाई करण्यात आली.

ह्यानंतर जुन्या तारखेचे प्रयोजन संपले असे वाटणे साहजिक आहे. १८९३ साली रिचर्ड वित याने नॉर्वेच्या किनाऱ्याने ट्रॉन्हाइमपासून हॅमरफेस्टपर्यंत आगबोटीची नियमित सेवा सुरू केली आणि हिवाळ्याच्या अंधारातही ती चालवून दाखविली. ह्या धाडसामागे मार्ग, वेग आणि वेळ यांच्या काटेकोर नोंदी होत्या, आणि बेटांच्या आडोशाने जाणारा सुरक्षित जलमार्ग होता. आज तर ज्या अंधारास पूर्वजांनी भ्यावे तो अंधारच प्रवासी तिकीट काढून विकत घेतात. कारण ध्रुवप्रकाशाची शोभा पाहण्यास काळोखी रात्र लागते. शरदाच्या अखेरीस उत्तरेकडे सहलीस जाणाऱ्यांत आपल्याकडील कुटुंबेही असतात.

तथापि नॉर्वेच्या त्या मार्गावर काही थोडे टापू असे आहेत की, जेथे बेटांचा आडोसा सुटतो आणि जहाज उघड्या समुद्रास सामोरे जाते. हुस्टाडविका हा त्यांपैकी एक. उथळ आणि खडकाळ. २३ मार्च २०१९ रोजी ‘वायकिंग स्काय’ नावाचे नवे व सर्व साधनांनी युक्त असे सहलीचे जहाज, त्यावर १,३७३ माणसे असता, तेथे वादळात सापडले. यंत्रांच्या टाक्यांतील वंगणतेलाची पातळी कमी होती. जहाज हेलकावू लागताच तेल ओढले जाईना आणि सारी यंत्रे बंद पडली. जहाज वाहत खडकांच्या अगदी जवळ गेले. सुदैवाने नांगर धरला गेला, यंत्र पुन्हा चालू झाले, आणि ४७९ माणसांस हेलिकॉप्टरने उचलून नेल्यावर जहाज बंदरास लागले. प्राणहानी झाली नाही. वादळाचा अंदाज त्या दिवशी उपलब्ध होता. आणि महिना मार्चचा, म्हणजे ‘राजदर्पणा’तील पित्याने सांगितलेल्या एप्रिलच्या आधीचा होता.

ह्यावरून कोणी असे समजू नये की आम्ही शास्त्रास सोडून पंचांगाकडे परतावे असे म्हणतो. तारीख आंधळी असते. ती निवळ दिवसासही बंदी करते आणि तारखेच्या आतले वादळ तिला दिसत नाही. अंदाज डोळस असतो. त्याने आजवर किती प्राण वाचविले असतील त्याची गणती करता येणार नाही. परंतु तारखेत एक गुण असा होता की, ती कोणाचीही निकड ऐकून घेत नसे. अंदाज हा सल्लागार आहे, आणि सल्लागाराचे ऐकावयाचे की नाही हे अखेर घाईत असलेला माणूसच ठरवितो.

तेव्हा शरदाच्या अखेरीस उत्तरेच्या समुद्रावर जाणाऱ्याने हवामानाचा विचार करावयाचा तो केवळ वारा किती आणि लाट किती एवढ्यापुरता नव्हे. आपल्या बेतात न जाण्यास जागा आहे काय, हे त्याने आधी पाहावे. एखादे बंदर गाळावे लागले, दोन दिवस आडोशाला काढावे लागले, परतीची तारीख चुकली, तर आपले काही फार बिघडणार नाही अशी व्यवस्था ज्याने निघण्यापूर्वीच केली आहे, त्यास वादळाची सूचना मिळताच ती मानणे सोपे जाते. ज्याने प्रत्येक दिवस आधीच बांधून टाकला आहे, त्यास ती ऐकू येऊनही उपयोग नाही. आपल्या जहाजाचा कप्तान उशीर करील किंवा मार्ग बदलील तेव्हा कुरकुर करणाऱ्या प्रवाशांनी जटलंडच्या त्या टेकड्या आठवाव्या. तेथे निजलेल्या खलाश्यांस निघावे की थांबावे हे कोणी विचारले नव्हते. आपणास निदान थांबण्याचा आदर करता येतो.